मुरलेलं पाणी

मासा पाळायचाही असतो, हे आमच्या घराण्यात आजवर कोणाला सुचलं नव्हतं. आमच्याकडे मासा म्हणजे पैनगंगेचा, हळद-मीठ लावून झाकून ठेवलेला, आणि मांजरावर लक्ष ठेवायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. पन्नाशीला टेकल्यावर मी एका निळ्या माशाचा पालक झालो. त्या माशापायी मी जे बोलून बसलो, त्याची लाज मला अजून वाटते.

मासा आमच्या ऑफिसातल्या मॅडमचा. मॅडम माझ्या वरच्या अधिकारी, वरंगलकडच्या, माझ्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांच्या टेबलावर फायलींच्या शेजारी काचेची एक बरणी होती आणि तिच्यात बोटभर लांबीचा हा मासा पदर पसरल्यासारखे पर पसरून फिरायचा. त्याला फायटर म्हणतात, कारण दुसरा नर दिसला की हा त्याच्यावर धावून जातो, म्हणून त्याला एकटाच ठेवायचा. बरणीतलं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं असे आणि तळाशी बदामाचं एक वाळलेलं पान पडलेलं. मला ते पान बघवत नसे. एवढी शिकलेली बाई आणि बरणीत पालापाचोळा! तोंडावर मात्र मी "बहोत अच्छा है मॅडम" एवढंच म्हणायचो.

पावसाळा सरता सरता मॅडमची बदली खम्ममला झाली. एवढा बसचा प्रवास माशाला सोसणार नाही म्हणून त्या तो कोणाला तरी द्यायला बघत होत्या. कोणी काही बोलायच्या आत मी हात वर केला. माशावर माझा जीव होता असं नाही. मॅडम महिनाभरानं राहिलेल्या कागदांसाठी आदिलाबादला येणार होत्या, आणि मासा माझ्याकडे असला तर त्या घरी येतील, हे माझ्या डोक्यात लगेच आलं. माझ्या घरी तोवर कोणी अधिकारी आला नव्हता. बरणी देताना त्यांनी सांगितलं, पाणी थोडं थोडंच बदला, पान राहू द्या. मी मान डोलावली आणि घरी येताच पहिल्यांदा ते पान फेकलं.

घरात आम्ही तिघं. बायको जैनथकडच्या शाळेत शिकवते, ती सकाळच्या बसनं जाते आणि संध्याकाळी येते. दिवसभर घर मायच्या हाती. माय सत्तरी ओलांडलेली, उभी हयात दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्यात गेलेली. गावात आमच्या लोकांना विहिरीला हात लावायची सोय नव्हती. बाया रिकामी भांडी घेऊन दूर उभ्या राहायच्या. विहिरीवर आलेल्या कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, त्यांच्या भांड्याला आपली बादली लागू नये इतक्या वरून. अर्धं पाणी अंगावर सांडायचं. माय हे कधी रडून सांगायची नाही, हसत सांगायची. "थंडीच्या दिवसात बी आंघोय होऊन जाये," म्हणायची.

मी नोकरीला लागलो आणि आदिलाबादेत घर बांधलं. गृहप्रवेशाच्या दिवशी पाहुणे खोल्या बघत होते तेव्हा माय मोरीत होती. तिनं नळ सोडला, दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात धरले, नळ बंद केला, पुन्हा सोडला. मी म्हटलं, "माय, पानी संपन ना!" तर ती म्हणाली, "संपू दे. आपलं हाय." तेव्हापासून घरातल्या पाण्यावर तिचंच राज्य होतं. माठ भरणं, टाकी भरली की मोटर बंद करणं, झाडांना घालणं, सगळं तिच्याकडे.

आणि स्वच्छता माझ्याकडे. हा रोग मला तिच्याकडूनच लागला असावा. आमच्या घरचा पेला कोणी नाक मुरडून परत करू नये म्हणून ती राखेनं भांडी घासघासून आरसा करायची. मी शाळेत असताना तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री करायचो. आता घरी पाहुणा आला की पाण्याचा पेला आधी मी नाकाला लावून बघतो आणि मगच बाहेर नेऊ देतो. बायको म्हणते, "पाहुन्याच्या आंधी तुमीच उष्टा कराल एखांद्या दिवशी." लोकांनी आम्हाला फार वर्षं घाण म्हटलं, त्याचं उत्तर मी फडक्यानं देत असतो.

तर मासा. बरणी मॅडमना शोभली, मला ती कमी वाटली. मी दोन फुटी काचेची टाकी आणली, हवेची मोटर, निळे खडे, प्लास्टिकची झाडं, मागे लावायला समुद्राचा कागद आणि एक चिनीमातीचा किल्ला. दुकानदार म्हातारा होता, बोलायला गोड. म्हणाला, "साब, टाकी भरके आठ-दस रोज छोड दो. पानी को पकने दो. मछली बाद में." मला हसू आलं. पाणी काय आंबा आहे पिकायला? हा मला शिळ्या पाण्याचं महत्त्व सांगतोय, मला! मी घरी आलो, खडे साबणानं धुतले, टाकी घासली, नळाचं ताजं पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी मासा सोडला. टाकी दिवाणखान्यात दारासमोर मांडली, आल्या आल्या दिसेल अशी.

दोन दिवस तो छान फिरला. मग पाणी जरा धूसर दिसलं, म्हणून मी सगळं पाणी काढून खडे पुन्हा धुतले. मग तो तळाशी बसायला लागला, म्हणून मी पुन्हा धुतलं. परांच्या कडा झिरमिळ्या झाल्या, रंग उतरला, आणि मी एक दिवसाआड धुवायला लागलो. मासा जितका मलूल होई तितका मी जोरात घासत होतो. कुठेतरी घाण राहत असणार, याशिवाय दुसरं काही माझ्या डोक्यात येतच नव्हतं.

काढलेलं पाणी माय मला फेकू देत नसे. मागच्या अंगणात कढीपत्त्याखाली प्लास्टिकचा एक अर्धा कापलेला ड्रम होता, त्यात ती ते ओतून ठेवायची आणि लागेल तसं झाडांना घालायची. ड्रमच्या कडेला हिरवं शेवाळ धरलं होतं, वर डासांची पिल्लं वळवळत असायची. मी दोनदा ओरडलो. ती म्हणाली, "मुरलेलं पानी हाय, झाडाईले मानवते." एकदा टाकीपाशी उभी राहून म्हणाली, "बाबू, तू त्याले रोज नवं पानी काऊन देऊन राह्यला? त्याले बी एका जागी बसू दे ना." मी म्हटलं, "माय, तुले यातलं समजत नाई."

मॅडम रविवारी येणार असं ठरलं. त्या दिवशी सकाळी मी टाकी ब्लीचिंग पावडरनं धुतली. काच अशी चमकली की किल्ला हवेत तरंगतोय असं वाटावं. चार पाण्यांनी खंगाळली, नळाचं पाणी भरलं, मासा सोडला आणि मॅडमना आणायला बसस्टँडवर गेलो. परत येताना रस्ताभर मी त्यांना टाकीचंच सांगत होतो.

दार उघडलं तर समोर टाकी, मोटरचे बुडबुडे, किल्ला, समुद्र. मासा नाही.

माय मागच्या दारातून आत आली. हात कोपरापर्यंत ओले. मॅडमना बघून तिनं पदर सावरला आणि मला म्हणाली, "मी डरममंदी सोडला त्याले. तडफडून राह्यला होता रे, वरवर उड्या मारे."

मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. मासा मेला असेल तर तो माझ्या हातून मेला असं त्यांना वाटेल, ही पहिली भीती. माझं घर त्यांना गबाळं वाटेल, ही दुसरी. त्या दोन भीतींच्या मध्ये मी मायला उभं केलं. मी ओरडलो. नुसतं ओरडलो नाही, मॅडमना नीट कळावं असं ओरडलो. "त्या घान पान्यात? पान्याले हात लावाले कोनं सांगतलं तुले?"

शब्द तोंडातून गेले आणि मला ऐकू आले. विहिरीच्या गोष्टी हसत सांगताना माय ज्या माणसांची नक्कल करायची, ती माणसं हेच म्हणायची. सूरसुद्धा तोच. मला ते तेव्हाच समजलं, नंतर विचार करून समजलं असं मी म्हणणार नाही. समजूनही मी ते मागे घेतलं नाही, कारण मॅडम बघत होत्या.

मायनं हात पदराला पुसले, दोन्ही हात, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, आणि आत गेली.

मॅडम मागच्या अंगणात गेल्या आणि ड्रमपाशी वाकल्या. शेवाळलेल्या पाण्यात निळं काहीतरी हललं. मासा वर आला, हवेचा एक घोट घेतला आणि डासाचं एक पिल्लू गट्ट केलं. कित्येक दिवसांत मी त्याला असं खाताना पाहिलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, पाणी कधी बदलता? मी सांगितलं, एक दिवसाआड, पूर्ण, आणि सांगताना माझी छाती थोडी फुगलीसुद्धा. त्यांनी दिवाणखान्यात येऊन टाकीचा वास घेतला आणि हळूच म्हणाल्या, "इतना साफ पानी मछली का नहीं होता. जुन्या पाण्यात काही बारीक जीव असतात," हे पुढचं त्यांनी मोडक्या मराठीत सांगितलं, "ते घाण खातात. तुम्ही दर वेळेला त्यांना धुऊन टाकलं." मग म्हणाल्या, "अम्मा ने बचा लिया."

मी काय केलं? मोठ्यानं हसलो. "हो ना मॅडम, आमची माय लई हुशार," असं आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. माफी मागायची ती मी अशी कौतुकात गुंडाळून भिंतीवरून फेकली. मॅडमनी मायला दोनदा हाक मारली. ती आली नाही. चहा बायकोनं आणला. पेल्यांचा वास घ्यायचं मला त्या दिवशी सुचलं नाही.

मॅडम गेल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "बोलले का मायशी?" मी म्हटलं, बोलतो. संध्याकाळी मी मायजवळ जाऊन बसलो. ती डाळ निवडत होती. मी म्हणालो, "माय, मासा चांगला हाय." ती म्हणाली, "बरं झालं." ऑफिसात दुसऱ्याच्या चुकीचा कागद मी तासाभरात तयार करतो. स्वतःच्या चुकीची दोन वाक्यं मला जमली नाहीत.

टाकी मात्र मी नीट लावली. ब्लीचिंगचा वास जाईपर्यंत उन्हात वाळवली, ड्रममधलं पाणी गाळून निम्मी भरली, बाकीसाठी नळाचं पाणी, त्यातली पावडर उडून जावी म्हणून दोन दिवस बादलीत ठेवून, नंतर घातलं. दहा दिवस मासा ड्रममध्येच राहू दिला. ऑफिसच्या कंपाउंडातून बदामाचं पान उचलून आणलं आणि टाकीत सोडलं. थंडी सुरू झाली तसा पाणी कोमट ठेवणारा हीटरही लावला. मासा आत गेला, रंग परत आला, परांच्या कडा भरायला लागल्या. आता मी आठवड्याला चार-पाच मगांएवढंच पाणी काढतो.

बदल झाला तो दुसरीकडे. माय माशाच्या टाकीच्या बाजूला फिरकेनाशी झाली. आधी मला वाटलं, रुसली असेल, निवळेल. मग लक्षात आलं की गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली तरी ती मोटर बंद करत नाही, मला हाक मारते. माठ रिकामा झाला की बायकोला सांगते. कोणावर चिडलेली नाही, जेवणखाण, बोलणं सगळं पूर्वीसारखं. रविवारी विहारात जाते, आल्यावर तिथल्या गमती सांगते. फक्त पाणी तिनं सोडून दिलं. या घरात जे पहिल्या दिवशी तिनं आपलं म्हटलं होतं, ते मी एका वाक्यात काढून घेतलं होतं.

परवा मी टाकीतलं पाणी काढत होतो. माय बादली घेऊन आली आणि दोन हात लांब उभी राहिली. कढीपत्ता सुकत चालला होता, त्याला हे पाणी हवं होतं. मी म्हटलं, "घे ना माय, हा मग घे अन् काढ." तिनं टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हात लावू का?" तिनं विचारलं.

टोमणा नव्हता. असता तर मी चिडलो असतो आणि सुटलो असतो. ती खरंच विचारत होती.

मी म्हटलं, "माय, असं काय विचारतं? तुयंच हाय सारं." ती हसली, विहिरीच्या गोष्टी सांगताना हसायची तशी. "राहू दे, तूच टाक," म्हणाली आणि तिथूनच बादली पुढे धरली. मी मग टाकीत बुडवून भरला. दुसरं काय करावं ते न सुचून मी तिच्या बादलीत वरून पाणी ओतलं.