मेमरीची सकाळी आठची नोंद

नोकरीतली शेवटची अकरा वर्षं मी घाटनांदूरला रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजला. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं, आणि आपल्याकडे शून्य लिहिण्याचंच काम जास्त. तरी एक खाडा नाही. निवृत्त होऊन केजच्या घरी आलो आणि मोजायला काही उरलं नाही. माणूस किती वेळा वीज मीटर बघणार?

घरात कॉम्प्युटर होता, पण तो बायकोचा. दहावीनंतर लग्न झालं म्हणून सुटलेलं शिक्षण तिने पंचावन्नाव्या वर्षी परत धरलं होतं. बाहेरून बी.ए. करत होती. शेवटच्या वर्षाला प्रकल्प द्यायचा होता, तोही टाइप करून. विषय तिच्या माहेरचा, युसूफ वडगावच्या शेळ्या राखणाऱ्या बायकांचा. घरकाम आटोपून ती दुपारी दोनला टाइप करायला बसायची, आणि चारच्या सुमाराला मशीन ठप्प व्हायचं. सेव्ह करतानाच अडकायचं, बटण दाबून बंद करावं लागायचं. लिहिलेलं गेलेलं असायचं.

ती म्हणाली, मशीनची मेमरी भरते. मी म्हणालो, पुराव्याशिवाय बोलू नये.

झालं, मला काम मिळालं. चांगली जाड वही आणली, रकाने आखले. सकाळी आंघोळ करून आठच्या ठोक्याला कॉम्प्युटर चालू करायचा, किती टक्के मेमरी वापरात आहे ते बघायचं, लिहायचं, सही करायची. घरातल्या वहीत सही कुणासाठी, हे मला तेव्हाही विचारायचं नव्हतं. एकतीस, तीस, बत्तीस, एकतीस. दोन महिने झाले तरी आकडा जागचा हलला नाही. मी शेजारी आलेखही काढला. इतकी सरळ रेघ मी आयुष्यात काढली नव्हती.

दरम्यान तिचं लिखाण आणखी दोनदा गेलं. मी दोन्ही वेळा वही तिच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, दोष मशीनचा नाही, तुझ्या हाताचा आहे. ती पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला बसली. मला वाटलं, पटलं.

प्रकल्प द्यायच्या तारखेला बारा दिवस उरले तेव्हा तिने कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि परीक्षा सोडते म्हणाली. मग मात्र मी घाबरलो. मशीन आणि वही दोन्ही घेऊन बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. खरं सांगायचं तर मशीन निर्दोष असल्याचं तिसऱ्या माणसाकडून वदवून घ्यायला गेलो होतो.

त्याने वही चाळली आणि मला स्टूल दिलं. "काका, मशीन बंद केलं की मेमरी रिकामी होती. तुमी रोज सकाळी धुतलेलं भांडं मोजायलात."

पावसाचं तसं नसतं. तो रात्रभर भांड्यात थांबतो आणि आठ वाजता आदल्या दिवसाचा सगळा हिशोब देतो. मेमरीही तशीच थांबत असेल, हे मी कुणाला न विचारता धरून चाललो होतो. त्याने तिची फाइल उघडली, शेळ्यांचे फोटो, अभ्यासाची पानं, सगळं एकदम. आकडा माझ्यासमोर सत्त्याण्णववर गेला आणि मशीन अडकलं.

मेमरी वाढवून घरी आलो. चूक झाली, हे तोंडाने म्हटलं. चाळीस वर्षांच्या संसारात मला हे वाक्य जमवायला बराच वेळ लागला.

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "लिखाण गेलं त्याचं लई वाईट वाटलं न्हाई. मी खोटं बोलत न्हाई, हे तुमाला परक्यानं सांगावं लागलं."

मी तिला म्हणालो, तू हाताने लिही, मी टाइप करतो. ती तयार झाली, बहुधा तारखेसाठी.

नऊ दिवस मी दोन बोटांनी टाइप केलं. शेवटचं पान ऋणनिर्देशाचं होतं. युसूफ वडगावच्या सात बायकांचे आभार होते, मार्गदर्शक बाईंचे होते, मेमरी वाढवून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याचेही होते. पान उलटून बघितलं, मागे कोरं होतं. मी होतं तसं टाइप केलं आणि सेव्ह केलं.