खंडेनवमी नसताना पुजलेलं मशीन

काल दुपारी नातू चाकणहून शिफ्ट संपवून आला आणि जेवायलाच बसेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्याच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या एका मुलाची दोन बोटं गेली... प्रॉडक्शन जास्त निघावं म्हणून हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवला होता म्हणे!

माझी पोळी तव्यावर करपली. अहो, हे सगळं मी पाहिलंय. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या दिवसांत, चिंचवडला, याच डोळ्यांनी.

तेव्हा मी नवी नवरी. 'हे' पत्र्याचे डबे करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. पुरुषमाणूस समोर आला की भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, इतक्या भिडस्त.

त्या दिवशी मंगळवार होता. आम्ही दोघी भाकरी द्यायला कारखान्यात गेलो, तिथून देवीच्या देवळात जायचं होतं. आत्याबाईंच्या हातात हळदकुंकू, फुलं आणि नारळाचं ताट.

शेडमध्ये पाऊल टाकलं. प्रेसखाली रक्त... यांच्या शेजारी काम करणाऱ्या रामभाऊंची तीन बोटं नुकतीच गेली होती. मशीनपुढे हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असायची. काम भराभर व्हावं म्हणून मुकादमाने ती आठवड्यापूर्वीच काढून ठेवली होती.

रामभाऊंना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं होतं. पण खरा धक्का पुढेच होता. मुकादमाने मशीनवर बादलीभर पाणी ओतलं, फडक्याने पुसलं आणि यांना म्हणाला, "भाकरी खाऊन घे. आता तू बस यावर."

आणि हे "बरं" म्हणाले! सगळ्यांच्या घरी चुली होत्या, बोललं की दुसऱ्या दिवशी गेटबाहेर.

तेवढ्यात आत्याबाई सरळ मशीनपाशी गेल्या... माझी भिडस्त सासू, भर पुरुषांत! मशीनला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, पुढ्यात नारळ ठेवला, पदर पसरून नमस्कार केला. मग वळून म्हणाल्या, "पुजलंय म्या. आता जाळी बसल्याबिगर याला कुनी हात लावायचा न्हाई."

मी चाट पडले. खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. पण खंडेनवमीला अजून कितीतरी महिने होते!

मुकादम खवळला. "म्हातारे, ही काय खंडेनवमी हाय व्हय?"

"रगत सांडलं तवा तिथी बघितली व्हती का तू?"

मग हे पुढे झाले. मशीनला हात जोडले आणि मांडी घालून बसले. पाठोपाठ शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा... स्वतःसाठी ज्यांना 'नाही' म्हणवत नव्हतं, त्यांना आता देवाचं निमित्त मिळालं होतं. बघता बघता अख्खी शेड बंद पडली.

शेठ धावत आले. भारी देवभोळा माणूस. कुंकू लावलेलं मशीन दिसताच त्यांनी सवयीने आधी चपला काढल्या आणि मग मुकादमाला जाळी आणायला पाठवलं. उन्हं उतरायच्या आत जाळी बसली.

दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा बसली... रामभाऊंना कामावरून काढायचं नाही म्हणून. या वेळी मात्र कुणी देवाचं नाव घेतलं नाही. रामभाऊ पुढे कितीतरी वर्षं गेटवर राखणीला होते.

त्या पहिल्या दिवशी घरी येताना आत्याबाई थरथरत होत्या. भीती नाही वाटली का, विचारलं तर म्हणाल्या, "लई वाटली गं. पर माझं पोर व्हतं तिथं."

काल हे सगळं नातवाला सांगितलं. म्हटलं, तुमच्या कंपनीत खंडेनवमीला पूजा होते का रे? "होते की. मोठे साहेबसुद्धा बूट काढून उभे राहतात." मग मला उद्या गेटपर्यंत सोड, म्हटलं, हळदकुंकू पिशवीत भरून ठेवते.

तो आधी हसला. मग ताट पुढे ओढलं. म्हणाला, "आजी, तू नको येऊस. आम्हीच बसतो."

सकाळी गेलाय. शिफ्ट सुटून बराच वेळ झाला, अजून आलेला नाही... मी दारात खुर्ची टाकून बसलेय. आत्याबाई, आज तुमच्यासारखीच थरथरतेय, पण त्याला थांबवलं नाही मी.