फेकलेले निरोप वाचणाऱ्या विशाखाताई

सगळ्यांत आधी आली शेवंता. ती आमच्या बचत गटाची अध्यक्ष, तेव्हा मीटिंगला तिनेच आधी यावं हे बरोबर, पण त्या दिवशी ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"गिरजाबाई, तुमच्या सुनेच्या फोटोखाली जुगाराच्या जाहिराती लागून राह्यल्या. आन् आणखी काय काय आहे, ते मी तोंडानं सांगत नाई. माह्या भाच्यानं चंद्रपुरात पाह्यलं."

तिच्या मागून निळ्या साडीतल्या, खांद्याला पिशवी लावलेल्या एक बाई आत आल्या. त्यांनी आधी पाणी मागितलं, गडवा रिकामा केला आणि मग विचारलं, "कोणत्या फोटोखाली?" शेवंता म्हणाली, "ह्या विशाखाताई. टेलिफोन एक्स्चेंजात होत्या, आता चंद्रपुरात कॉम्प्युटरचा क्लास घेतात." आमची पहिली ओळख ती ही. आज ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त त्यांच्यावर पुस्तक काढणारे म्हणाले, तुम्हीही लिहा. मी तिसरीपर्यंत शिकलेली, जमेल तसं लिहिते.

मोहर्लीत आम्ही नऊ बायकांनी वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी तीन घरांत खोल्या काढल्या होत्या. जेवण आमच्या चुलीवरचं. नागपूरकडची कॉलेजची मुलं राहून गेली, त्यांनी हौसेने आमची वेबसाइट बनवून दिली. तिच्यावर माझी सून सुनीता चुलीपुढे बसलेली, आणि खाली पाहुण्यांनी निरोप लिहायची जागा. मुलं आपापल्या नोकरीला लागली, निरोपाची जागा मात्र उघडीच राहिली. तिथे गोळ्या, जुगार आणि नको ते येऊन पडायचं, आणि खरा निरोप त्याच्याखाली दबायचा.

माझा मुलगा भडकला. म्हणाला, "बंद करा ते. माह्या बायकोचा फोटो कायले तिथं?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण साइट बंद म्हणजे पाहुणे बंद, आणि पाहुणे बंद म्हणजे सुनीताला पुन्हा तेलंग मुलखात मिरची तोडायला जाणं आलं. दोन-अडीच महिने. आदल्या साली ती परत आली तेव्हा हातांची आग पंधरा दिवस गेली नव्हती, आणि चार वर्षांची माझी नात आईजवळ जायला लाजत होती. शेवंताने ठरवलं, संक्रांतीपर्यंत पाहू. नाही सुधारलं तर बंद.

ताईंनी हे काम अंगावर घेतलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. अशा साइटला बाहेरून जोडायचा एक राखणदार मिळतो, त्याला प्लगइन म्हणतात. तो आलेला निरोप पाहतो आणि खोटा वाटला तर बाजूला फेकतो. मला वाटलं, जोडला की झालं. ताई म्हणाल्या, "गिरजाबाई, नवा नोकर ठेवला तर तुम्ही त्याच्या हाती एकदम घर देता काय?" त्यांनी आमच्या साइटची एक नक्कल करून ठेवली होती, बाहेरच्यांना न दिसणारी. नवा राखणदार आधी तिथे आठवडाभर राबायचा. ताई त्याच्याकडे दहा खोटे निरोप पाठवत, दहा खरे पाठवत, आणि कोणते अडले ते वहीत मांडून ठेवत. साइटचं मूळ सामान बदललं की हे राखणदार आजारी पडतात, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

एक राखणदार वेडीवाकडी अक्षरं दाखवून ओळखायला लावायचा. ताईंनी मलाच क्लासला बोलावून त्याच्यापुढे बसवलं. मी म्हटलं, "इंग्रजी तर मले येतच नाई, पण हे अक्षर दारू पिऊन आल्यावाणी दिसते." क्लासमधल्या पोरी हसल्या. ताई हसल्या नाहीत, त्यांनी तो राखणदार त्याच दिवशी काढून टाकला. म्हणाल्या, "तुम्ही अडता तिथे पाहुण्याची आईही अडेल." परत जायला निघाले तर माझ्या हातात बीपीच्या गोळ्यांचं पाकीट. माझ्या गोळ्या संपल्या हे त्यांना कुठून कळलं, मी अजून विचारलं नाही.

तिसरा राखणदार चांगला निघाला. आठ दिवसांत घाण थांबली. त्या आनंदात आम्ही नऊही जणी एसटीने चंद्रपूरला गेलो. ताई म्हणाल्या, आल्याच आहात तर राखणदाराला तपासायला एकेक खरा निरोप सांगा, मी लिहिते. आता आम्हाला लिहिणं म्हणजे पत्र, आणि पत्र एकच येतं. मी सांगितलं, "सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी." शेवंतानेही तेच सांगितलं. नवव्या बाईपर्यंत तेच. ताई म्हणाल्या, "अहो, काही वेगळं बोला ना." शेवंता म्हणाली, "खुशालीत वेगळं काय राह्यते, ताई?"

एकाच मशीनवरून एकच मजकूर नऊदा आला. राखणदाराने नऊही निरोप फेकले आणि ताईंच्या मशीनलाच साइटवर यायला बंदी घातली. ताईंनी बंदी उठवली. पण सप्रेम नमस्काराने सुरू होणारं पत्र खोटं असतं, हे त्याने मनात पक्कं धरलं होतं. ते आम्हाला कळायला उशीर झाला.

संक्रांत आली. घाण गेली होती, पण पाहुण्यांचा एकही निरोप नव्हता. शेवंता म्हणाली, "स्वच्छ दुकान आन् गिऱ्हाईक नाई." मिरचीच्या मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती. सुनीताने कपड्यांचं गाठोडं बांधलं. नात त्याच्यावर बसून राहिली, उठेचना.

ताईंची एक सवय सांगायची राहिली. राखणदाराने फेकलेला प्रत्येक निरोप त्या रोज सकाळी स्वतः वाचत. शंभर असोत, दोनशे असोत, पुसायच्या आधी वाचायचे. सगळी घाण. मी एकदा विचारलं, "तुम्हाले किळस नाई येत?" म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये खरखरीतूनही माणूस ऐकावा लागायचा. त्याला घाईचं काम असायचं."

मुकादम यायच्या दिवशी, सकाळच्या एसटीतून ताई उतरल्या. गावातला फोन बंद होता, म्हणून स्वतःच आल्या, क्लासला कुलूप लावून. हातात वहीचं पान. उभ्याउभ्याच वाचून दाखवलं: "सप्रेम नमस्कार. आम्ही साताऱ्याकडच्या पाच शिक्षिका, मैत्रिणी. शुक्रवारी पोचतो, आठ दिवस राहायचं आहे. चुलीपुढे बसलेल्या त्या ताईंच्या हातचं जेवायला मिळेल का?" संक्रांतीच्या रात्री आलेला, फेकलेल्यांत पडला होता. तशाच सुरुवातीचे आणखी दोन निघाले, एक मार्चमध्ये येणाऱ्यांचा, एक एप्रिलमध्ये येणाऱ्यांचा.

सुनीताने गाठोडं सोडलं, आणि आधी ताईंसाठी चहा ठेवला. माझ्या मुलाने मुकादमाला सांगितलं, "सुनीता नाई येऊन राह्यली. तिच्याकडे पाहुणे आहेत." फोटोचं त्याने पुन्हा काढलं नाही.

ताई म्हणाल्या, चूक माझी, मी एकाच मशीनवरून तपासलं. आम्ही म्हटलं, आमची, नऊ जणींना एकच पत्र येतं. यावर आमचं अजून एकमत नाही. त्यांनी राखणदाराला पुन्हा शिकवलं, आणि मग सुनीताला शिकवलं. आता महिन्यातून दोनदा ती क्लासला जाऊन नवा राखणदार नकलेवर तपासते. फेकलेलं मात्र ताईच वाचतात, ते काम त्या कोणाला देत नाहीत.

त्या साताऱ्याच्या बाया दरसाल येतात. सुनीता त्यानंतर मिरचीला गेली नाही. नात तिसरीत आहे, तिने हा लेख तपासला आणि माझ्या चुका तिलाच जास्त सापडल्या.

विशाखाताई, तुमचे डोळे असेच धड राहोत, गुडघे एसटीची पायरी चढू देत, आणि आमच्यासारख्यांचे आणखी पुष्कळ निरोप तुमच्या हाती लागोत. ह्या खेपेला जाताना त्या शिक्षिका तुमची भेट राहिली म्हणून हळहळल्या. पुढच्या साली होळीनंतरच्या पहिल्या शनिवारी येतो म्हणाल्या, आणि तुम्हाला त्या दिवशी मोहर्लीत थांबवून ठेवायचं काम सुनीताकडे दिलंय.