प्लेट्स, ग्लास, टिश्यू

डबा टेबलाखाली होता. घरून लावून आणलेली चिकटपट्टी चारही बाजूंनी तशीच.

आत साठ सांबारवड्या. आमच्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सकाळी पाचला उठून केल्या होत्या. इथे सिंगापुरात, आमच्या सेंगकांगच्या बाजारातल्या सगळ्या जुड्या आदल्या दिवशी मीच उचलल्या होत्या. वर टेबलावर पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी, सगळं चाटूनपुसून संपलेलं. माझा डबा पायाशी, कचऱ्याच्या पिशवीला टेकून.

दोन हजार चौदा. सव्वीस जानेवारी. भाऊकाकांच्या कॉन्डोतली फंक्शन रूम. भाऊकाका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. आठ वर्षं तेच, कारण दरवर्षी कुणीतरी 'सर्वानुमते' म्हणायचं आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. त्या दिवशी त्यांनी पाऊण तास भाषण केलं होतं. इंग्रज कसा गेला, घटना कशी झाली, आता कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही. मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

मी डबा ओढून काढला तेव्हा शैलावहिनी, भाऊकाकांच्या बायको, शेजारीच होत्या.

"अगं, तुला प्लेट्स सांगितल्या होत्या ना? उगाच कशाला त्रास घेतलास?"

आवाज गोड. मी काहीच बोलले नाही. माझी सात वर्षांची पोरगी बघत होती. लिफ्टमध्ये इथल्या शाळकरी इंग्रजीत म्हणाली, "ममा, नोबडी ईट युअर वन, लाह."

घरी येऊन मंडळाच्या ग्रुपवरचे जुने मेसेज काढले. पहिल्या वर्षापासूनचे. प्रत्येक कार्यक्रमाला कुठल्या घरानं काय करून आणायचं, ते वाटून द्यायची पद्धत. यादी शैलावहिनी करायच्या. कुणाकडे मसालेभात, कुणाकडे कोशिंबीर. माझ्या नावापुढे तीन वर्षं एकच. प्लेट्स, ग्लास, टिश्यू. शिजवलेली वस्तू एकदाही नाही.

आणि मी काय समजत होते? ऑफिस लांब, पाया लेबार भागात, घरी यायला आठ वाजतात, म्हणून बिचाऱ्या मला सोपं काम देतात. मी एकदा त्यांचे आभारसुद्धा मानले होते. हे आठवलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पहिल्याच वर्षी त्या घरी आल्या होत्या. भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो बघितला. चहा नको म्हणाल्या, ॲसिडिटी आहे. तिथेच कळायला हवं होतं.

नवरा म्हणाला, सोड ना, परदेशात चार माणसं आहेत आपली. मी विचारलं, आपली म्हणजे कुणाची?

आईला फोन केला. ती म्हणाली, "मंग तू काहून गप्प राह्यली वं?"

बाप आठवत होता. नागपूरला शाळेत शिपाई होता. पंधरा ऑगस्टला पहाटे जाऊन खांब धुवायचा, झेंड्यात फुलं भरायचा, गाठ मारायचा. दोरी ओढायला दुसराच यायचा. नोकरी संपेपर्यंत बापाच्या हातात ती दोरी एकदाही दिली नाही. बाप हसून म्हणायचा, गाठ तर माझीच आहे. त्याच्या त्या हसण्याचा मला राग यायचा. अजून येतो.

मला समजूत नको होती. माफीही नको होती. मला सूड हवा होता. पण कसा, ते सुचत नव्हतं.

तो त्यांनीच आणून हातात दिला.

मंडळ वाढलं, रीतसर नोंदणी करायची ठरली. इथल्या सरकारला त्यासाठी लेखी घटना द्यावी लागते. सभासद कोण, मत कुणाला, अध्यक्ष कसा निवडायचा, सगळं. मीटिंगमध्ये हे किचकट काम कुणालाच नको होतं. भाऊकाका माझ्याकडे वळले.

"तुम्हीच लिहा. तुमच्या लोकांच्या रक्तातच असते ना घटना!"

सगळे हसले. तळपायाची आग मस्तकात गेली. मीही हसले. म्हटलं, लिहिते.

चार महिने लिहीत होते. शेजारी पोरगी शाळेच्या प्रोजेक्टची चित्रं रंगवायची. सिंगापूरला पन्नास वर्षं व्हायची होती, शाळेत सगळीकडे तेच. तिनं विचारलं, इंग्रज गेल्यावर मग बॉस कोण झालं? मी पेन खाली ठेवलं. तिला सांगितलं, बाई, साहेब गेला की त्याच्या खुर्चीकडे पहिले धावतात ते घरातलेच. साहेबाच्या आधीही ते आपल्या डोक्यावरच बसलेले होते. म्हणून साहेबाला घालवून भागत नाही. खुर्ची कुणाची, किती दिवसांची, हे कागदावर बांधून घ्यावं लागतं. आपल्याकडे त्यावर जवळजवळ तीन वर्षं भांडले, तेव्हा कुठे कागद झाला.

मी माझा कागद बांधला. आधी घराला एक मत होतं, म्हणजे नवऱ्याचं. मी लिहिलं, प्रत्येक प्रौढाला एक मत. मतदान गुप्त, चिठ्ठीवर. दोन वर्षांच्या वर कुणी अध्यक्ष नाही. आणि कलम नऊ. कार्यक्रमाचा पदार्थ चिठ्ठ्या टाकून ठरेल, यादी कुणी एकजण करणार नाही.

भाऊकाकांना छापून दिलं. वाचा म्हटलं. ते म्हणाले, त्यात काय वाचायचं, सही कुठे करू ते दाखवा. बाकीच्यांनीही तसंच केलं. प्लेट्स आणणारीनं लिहिलेलं कोण वाचतंय? अर्ज गेला. मंजूर झाला.

दुसऱ्या वर्षी पहिली सर्वसाधारण सभा. कुणीतरी सवयीनं म्हणालं, भाऊकाका, सर्वानुमते! टाळ्यांसाठी हात वर झाले. मी उभी राहिले. म्हटलं, चिठ्ठ्या.

भाऊकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? अध्यक्षपदाला त्यांच्यासमोर उभी राहिली ती सांगलीची सून, जिला दरवेळी पुऱ्या तळायला आत बसवायचे. बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा मंडळात मत टाकलं. त्यांनी तिलाच निवडलं. भाऊकाका एकोणीस, ती एकतीस.

मग कलम नऊ. पुढच्या सव्वीस जानेवारीच्या चिठ्ठ्या पोरीनंच उचलल्या. माझ्या वाट्याला वरण-भात आला. सगळ्या मंडळाचा वरण-भात.

शैलावहिनी मला दाराशी गाठून हळूच म्हणाल्या, "एवढं मनात ठेवायचं असतं का गं?"

मी म्हटलं, "वहिनी, मी मनात ठेवलेलंच नाही. लिहून दिलंय. तुमच्या यजमानांची सही आहे."

सव्वीस जानेवारी आली. दोन मोठे डबे घेऊन गेले. टेबलाच्या मधोमध ठेवले. झाकणं माझ्या हातानं काढली. सांगलीची सून पहिली पुढे आली. तिच्यामागे रांग लागली. भाऊकाका आणि आणखी सहा-सात घरं खुर्चीतच बसून राहिली. वहिनी म्हणाल्या, आज आमचा उपास आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

तेव्हापासून माझी चिठ्ठी निघाली की त्यांचा उपास असतो. संकष्टी नसो, एकादशी नसो. करा म्हणावं. मीही दरवेळी डबा त्यांच्या समोरच्याच टेबलावर ठेवते. झाकण काढून. वास जाईल असा.

मागच्या महिन्यात कानावर आलं, कलम नऊ रद्द करायला ते सह्या गोळा करताहेत. खुशाल करा. घटना बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात. तेही मीच लिहून ठेवलंय. घरोघरी फिरून मी मतं मोजून आले. त्यांच्याकडे तेवढी नाहीत. होऊही देणार नाही.

पुढची चिठ्ठी कुणाचीही निघो, डबा टेबलावरच राहील. ज्यांना चालत नाही, त्यांनी उपाशी बसावं.