पाठ टेकली का?

शटलकॉकच्या रिकाम्या नळ्या टाकवत नाहीत. आमच्या घरात एकीत अगरबत्त्या आहेत, एकीत विणायच्या सुया, एकीत तर माझं लाटणं मावलंय. मनीचे किस्सेही असेच साठलेत. एक काढायला जावं, तर दुसरा आपोआप घरंगळत येतो.

मनी माझी नणंद. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा ती शाळकरी होती. तिचे वडील, आमचे आबा, जुने पैलवान. त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती म्हणे. ते घरीसुद्धा कुशीवर झोपायचे! सासूबाई म्हणायच्या, "सवय जात न्हाय बाई."

•

मनीनं रॅकेट धरली ते आबांना चाललं, पण मेहनत तालमीचीच. पहाटे परसात बैठका, वर बदामाची थंडाई. हॉलवर मात्र ते कधी फिरकले नाहीत. "पिसांच्या खेळात बघायचं काय?"

मनीला कपांचं एवढं नव्हतं. आबांनी एकदा येऊन बघावं, एवढंच तिला हवं होतं. मॅचला निघताना दर वेळी ती उंबऱ्यात जरा रेंगाळायची.

•

एकदा फायनल हरून आली आणि ताटावर नुसती बसून राहिली. आबांनी विचारलं, "पाठ टेकली का?"

"बॅडमिंटनात पाठ कुठं टेकती, आबा?"

"मग हरलीस कुठं? जेव."

•

पहिल्यांदा भारताकडून मलेशियाला गेली, तेव्हा आबांनी तालमीतली चिमूटभर तांबडी माती पुडीत बांधून दिली. मॅचआधी मनीनं ती कपाळाला लावली. समोरच्या मुलीनं खुणेनं विचारलं, हे काय? मनीनं तिच्याही कपाळाला लावली. आणि त्याच मुलीनं मनीला हरवलं!

फोनवर सांगताना मनीचा आवाज बारीक झाला होता. आबांनी ऐकून घेतलं. "माती आपली लावली न्हवं? मग आपल्याच तालमीची पोरगी जिंकली की."

•

मग मनी देशोदेशी जात राहिली. परत आली की मी तिचे कपडे गच्चीवर वाळत घालायची. त्यांना परक्या साबणांचा वास यायचा, आणि मला वाटायचं, मीही जराशी जाऊन आले.

एकदा तिची मॅच टीव्हीवर लागली. अख्खी गल्ली आमच्या खोलीत. आबा बाहेर गोठ्यात धार काढत बसलेले. शेवटचा पॉइंट झाला, आरडाओरडा झाला, माझे मिस्टर धावत गेले. "आबा, मनी जिंकली!"

"म्हस बुजवलीसा," आबा म्हणाले.

•

पुढे मनीचा गुडघा गेला. आता खेळायचं नाही, डॉक्टर म्हणाले. तिनं रॅकेट खुंटीला लावली आणि ती खिडकीशी बसून राहायला लागली.

एका सकाळी आबांनी फेटा बांधला, खुंटीवरची रॅकेट आणि शटलची एक नळी मनीच्या हातात दिली. "चल मने, तुझा हॉल दाव."

मीही सोबत गेले. हॉल रिकामा होता. वरच्या झरोक्यांतून ऊन तिरकं उतरलं होतं. आबांनी चपला दारात काढल्या, वाकून लाकडी जमिनीला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि जाळीपलीकडे जाऊन उभे राहिले.

"मार."

मनीनं जागेवरूनच एक उंच फटका मारला. शटल पार छतापर्यंत गेलं, उन्हात क्षणभर थांबलं आणि गिरक्या घेत खाली यायला लागलं. आबा मान वर करून बघत राहिले. शटल त्यांच्या पायाशी पडलं.

आबांनी फेटा काढून बाजूला ठेवला. गुडघ्यांवर हात टेकत ते हळूहळू खाली बसले. मग आडवे झाले. उताणे.

"टेकली बघ," ते छताकडे बघत म्हणाले. "आता आणखी एक मार."