मीठ घालून ठेवलेला लाडू

आमच्या बोळिंजच्या घरात या वर्षी एकाच सदस्याचं वजन उतरलं, आणि तो मासा आहे.

त्याचं नाव लाडू. माझ्या लेकीने, अन्वीने, हा नारिंगी गोल्डफिश आणला तेव्हा तो खरंच लाडवासारखा गरगरीत होता. पण गेला महिनाभर स्वारी खायची बकासुरासारखी आणि दिसायची उपाशी! पोट आत, डोकं मोठं. (माझं नेमकं उलटं आहे.) शिबिराला निघताना अन्वीने बजावलं, "बाबा, लाडूला काही झालं ना, तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही!" आठ वर्षांची पोर, पण शब्दाची पक्की. मागे तिचा फुगा माझ्या हातून सुटला, तेव्हा आठवडाभर ती माझ्याशी आईमार्फत बोलत होती.

ती परत यायची त्या दिवशी सकाळी तर लाडू अगदीच चपटा दिसला. मी घाबरून माशांच्या दुकानदाराला फोन केला.

"जंत असणार. संध्याकाळी औषध न्या," तो म्हणाला. "तोवर वेगळ्या भांड्यात काढा. टाकीचंच पाणी, त्यात थोडं मीठ. नंतर खाण्यात लसूणही चालतो."

मी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, पाणी भरलं, मीठ घातलं, लाडूला सोडलं आणि वर जाळीचं झाकण ठेवलं. तेवढ्यात सातिवलीहून कंपनीचा फोन! मशीन बंद, ताबडतोब या. बायको आधीच ऑफिसला गेलेली. आता लाडूकडे बघणार कोण?

सासूबाई! अर्नाळ्याच्या पक्क्या कोळीण. त्या दिवशी नातीसाठी येणारच होत्या. माशांतलं त्यांना कळणार नाही तर काय मला, कराडच्या माणसाला? रिक्षातूनच फोन लावला.

"आई, ओट्यावर पातेल्यात मासा आहे. मीठ घालून ठेवलाय. मला उशीर होईल, तेवढं बघाल का?"

"बगते ना! म्हावऱ्याचं मला काय शिकवतोस?"

मी निर्धास्त झालो. तासाभराने त्यांचा फोन आला. आवाज जरा घुश्शातला होता.

"हळद कुटं हाय?"

"हळद? तिने बरं वाटेल?"

"हळदीबिगर म्हावरं होतंय काय?"

वा! घरगुती उपचार! "टाका टाका, चिमूटभर," मी म्हणालो. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "न लसून कुटं हाय?"

मला तर गहिवरूनच आलं. "अहो आई, दुकानदारही लसूणच म्हणाला!"

"तो काय सांगनार? आमचा जलम गेला म्हावऱ्यात. ठेव आता, तेल तापलंय."

तेल?!

फोन कट. मी अकरा वेळा लावला, त्यांनी उचलला नाही. मशीन तशीच टाकून मी रस्त्यावर धावलो आणि दिसेल त्या रिक्षात बसलो. माझा चेहरा बघून रिक्षावाला म्हणाला, "हॉस्पिटल क्या, साब?"

"बोळिंज! मेरी मछली तेल में है!"

"कौनसी मछली?"

"गोल्डफिश!"

"वो खाते हैं?" त्याने रिक्षा चालवता चालवता मागे वळून मला नीट पाहून घेतलं.

जिन्यातच वास आला. दार ढकलून आत गेलो तर तव्यावर काहीतरी नारिंगी चुरचुरत होतं! मी ओट्याला धरून ओरडलो, "आई! लाडू!!"

"तिकटाचं जेवन केलंय. लाडू कुटून आनू?"

"अहो, मासा! पातेल्यातला!"

सासूबाईंनी उलथनं माझ्यावर रोखलं. "लाज नाय वाटली? झाकन काडलं तं पोरीचा पाळलेला मासा, जिता, मिठात! माजे हातपाय गार पडले! म्हटलं, जावयाला म्हावऱ्याची येवडीच हाव सुटली आसंल, तर आपले बोंबील तरी तळून घालू, पोरीचा जीव तरी वाचंल!"

तव्यावर बोंबील होते. लाडू हॉलमध्ये आपल्या काचेच्या टाकीत फिरत होता. मी टाकीसमोर फतकल मारून बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. मग त्यांना जंत, मीठ, औषध, सगळं समजावलं. सगळं ऐकून त्यांनी मला चार बोंबील वाढले, पण भुवई काही खाली आली नाही.

संध्याकाळी अन्वी आली ती थेट टाकीकडे. "बाबा, तू सांभाळलंस त्याला!" म्हणून तिने मला मिठी मारली. मी नम्रपणे मान खाली घातली. (औषधाने लाडू महिन्याभरात पुन्हा गरगरीत झाला, हे इथेच सांगून टाकतो.)

पण दिवसभराची हकिकत कळल्यावर अन्वीने विचारलंच, "आजी, तू माझा लाडू खरंच तळणार होतीस?"

"मी कशाला तळीन? आमच्यात हलकं म्हावरं जाळ्यात आलं तं परत दर्यात सोडतात," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी एक उसासा टाकला. "जावयाचंच तेवडं जमलं नाय."