महालिंगप्पांनी नाकारलेले काम

तेर गावातल्या लिंगायत वस्तीत कोणी लिंगैक्य झाले, म्हणजे वारले, की मंत्र म्हणणाऱ्या जंगमस्वामींच्याही आधी महालिंगप्पांकडे निरोप जाई. त्याला कारण होते. या समाजात मृताला आडवे नेत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याने जन्मभर गळ्यात बांधलेले इष्टलिंग ठेवतात आणि बसलेल्या स्थितीतच मातीला देतात. देह ताठरण्यापूर्वी, दोन-तीन तासांच्या आत, हे सारे व्हावे लागते. गुडघे दुमडायचे, पाठ भिंतीला टेकवायची, मान कलू नये म्हणून कपाळावरून पट्टी घेऊन ती खुंटीला बांधायची. काम साधे दिसते. पण ते चुकले तर मृताचा चेहरा छातीवर लोंबतो आणि घरच्यांच्या आठवणीत तोच चेहरा उरतो. महालिंगप्पांनी हे काम चुलत्याकडून शिकून घेतले आणि चाळीस वर्षे केले.

एरवी ते अबोल. अप्पाने मिठाची गुळणी धरली आहे, असे गाव म्हणे. एकदा ज्वारीच्या रानात विंचू चावला तेव्हा त्यांनी पायाला फडके आवळून उरलेल्या पेंढ्या बांधल्या आणि ही गोष्ट पत्नीला, चन्नम्माला, संध्याकाळी जेवताना सांगितली. मृतांशी मात्र ते बोलत. मृताच्या मागे गुडघ्यांवर बसून, त्याची पाठ स्वतःच्या छातीवर घेऊन, हलक्या आवाजात म्हणत, "टेका अण्णा, माझ्यावर टेका. आता पाय जवळ घ्या. झालं, झालं." जिवंतपणी ज्यांच्याशी त्यांचे चार शब्दही झाले नव्हते, त्यांनासुद्धा ही आर्जवे मिळत.

महेश्वरी नावाच्या मुलीची आई गेली त्या दिवसाची आठवण वस्तीत अजून सांगतात. मुलीची पाळी चालू होती, म्हणून तिच्या मावश्यांनी तिला उंबऱ्याशीच थोपवले होते. महालिंगप्पा मान वर न करता म्हणाले, "लिंग बांधलेल्याला विटाळ न्हाय. ये पोरी, आईचा पाय धर. मला एकट्याला झेपंना." त्यांना एकट्याला सहज झेपत होते, हे सर्वांना माहीत होते.

गेल्या वर्षी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. तपासण्यांत प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. लातूरला नोकरी करणाऱ्या मुलाने, श्रीशैलने, त्यांना सोलापूरला नेले आणि तिथे शस्त्रक्रिया झाली. तीन आठवड्यांनी लघवीची नळी निघाली. पुढच्या तपासणीत रक्तातला या रोगाचा आकडा जवळजवळ शून्यावर आलेला पाहून डॉक्टर म्हणाले, "आजोबा, रोग मुळासकट काढलाय. आता निर्धास्त राहा."

उरले होते ते त्या आकड्यात येणारे नव्हते. खोकला आला, जमिनीवरून उठले, पाण्याची बादली उचलली, की लघवी गळे. हे असे काही काळ होईल, त्यासाठी व्यायाम करावा लागेल, मनात ठेवू नये, घरी बोलत राहावे, हे डॉक्टरांनी सांगितले होते. महालिंगप्पांनी मान डोलावली होती. अंथरुणातलेही आता काही उरले नाही, हे नवरा-बायको दोघांनाही न बोलता समजले, आणि महालिंगप्पांनी आपली बाज बाहेरच्या खोलीत नेली. चन्नम्माला त्याचे फारसे दुःख झाले नाही. पण बाजेबरोबर त्यांचे रोजचे "जेवलीस का?" हेही बाहेर गेले, आणि ते तिला लागले.

गळती शोषणारे पॅड धोतरात टिकत नाही. म्हणून जन्मभर पांढरे धोतर नेसलेला हा माणूस मुलाची काळी पँट घालून चौकातल्या हॉटेलात गेला. तिथे गुरुसिद्धप्पा होता, शाळेपासूनचा मित्र.

"आरं महालिंग्या, प्यांट! कालिजात नाव घातलंस का दुसरी बायकू बघायला चाललास?"

सारे हसले. हसण्यात वाईट काही नव्हते. पन्नास वर्षे ते दोघे असेच बोलत आले होते. महालिंगप्पांनी चहा अर्धा ठेवला आणि ते उठले. पुन्हा त्या हॉटेलात गेले नाहीत. पॅड गावातल्या दुकानातून न घेता धाराशिवहून आणू लागले. येता-जाता एसटीत जागा असली तरी उभे राहत. भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवून देणे, शेजारणीच्या रेडिओवरून भांडणे, हे त्यांच्या स्वभावात कधीच नव्हते. आता रोजचे झाले. स्नानानंतर लिंग तळहातावर घेऊन पूजा करणे त्यांनी थांबवले. बेल चन्नम्मा वाही. ते लांब, दाराशी बसून राहत. दरम्यान वस्तीत दोन मृत्यू झाले. दुखण्याचे निमित्त सांगून त्यांनी जाणे टाळले आणि लोकांनी ते मान्य केले.

मग गुरुसिद्धप्पाने अंथरूण धरले. मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. त्याने बोलावून घेतले म्हणून महालिंगप्पा गेले. अंगावर गळ्यापर्यंत घोंगडे ओढून तो पडला होता.

"मला तूच बसवायचंस," तो म्हणाला. "त्या पोरांच्या हातात दिलंस तर तोंड भिंतीकडं करून बसवतील."

महालिंगप्पा भिंतीकडे पाहत राहिले. सांगायचे असते तर ते याच वेळी सांगायला हवे होते. त्यांच्या न बोलण्याला लोक नेहमीच होकार समजत आले होते. मित्रानेही तसेच समजून डोळे मिटले.

महिन्याभराने एका सकाळी आठच्या सुमारास तो गेला. त्याचा मुलगा महारुद्र धावत आला.

"अप्पा, बाबा गेले. चला."

"म्या येणार न्हाय."

"आसं काय करायलाव? बाबांनी सांगून ठिवलंय, तुमीच पायजे म्हनून."

"दुसऱ्याला बलवा. गावातल्या मढ्यांचा मक्ता घेतलाय का म्या?"

महारुद्र माघारी गेला. तासाभराने पुन्हा निरोप आला. महालिंगप्पांनी दार उघडले नाही. चन्नम्मा त्यांच्यासमोर येऊन बसली.

"काय बोललाव तुमी त्या लेकराला? सख्ख्या दोस्ताला आसं?"

"वाकलं की गळतंय," ते म्हणाले. "उचललं की गळतंय. त्याची पाठ माझ्या मांडीवर यायची, चन्ना. त्याच्या अंगावर मुतू का म्या?"

अकरा महिन्यांत हे प्रथमच उच्चारले गेले होते. चन्नम्मा म्हणाली, "लिंग बांधलेल्याला विटाळ न्हाय, हे गावाला कुणी शिकवलं?"

"दुसऱ्याला शिकवायला सोपं असतंय."

त्यांचे हे उत्तर खरे होते. विटाळ नाकारणारा धर्म त्यांनी प्रामाणिकपणे मानला होता आणि इतरांच्या देहांबाबत आचरलाही होता. पण पुरुषाचा देह म्हणजे काबूत असलेला देह, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. ते जन्मापासून अंगात मुरले होते, आणि जे कधी शिकलेच नाही ते विसरणार कसे?

दुपारी एक वाजता महालिंगप्पा मित्राच्या घरी पोहोचले. त्यांची वाट पाहण्यात वेळ जाऊन तोवर देह ताठरला होता. चौघा तरुणांनी बळ लावून गुडघे दुमडले होते. उजवा तरीही वर राहिला होता, तो दोरीने आवळला होता. मान डावीकडे कलली होती. पट्टी सारखी करावी म्हणून महालिंगप्पा पुढे झाले, तेव्हा गुरुसिद्धप्पाची पत्नी नागूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊजी. आता कशाला हात लावायलाव?"

ते थांबले.

"कशाचा राग धरला व्हता तुमी त्यांच्यावर?"

"राग न्हवता, वैनी."

ती पुढच्या शब्दांची वाट पाहत राहिली. अंगणातले लोकही पाहत राहिले. पुढचे शब्द आले नाहीत. स्वामींनी मंत्र सुरू केले, आणि थोड्या वेळाने त्या कललेल्या मानेनेच गुरुसिद्धप्पा घराबाहेर पडला.

त्यानंतर वस्तीत महालिंगप्पांशी कोणी भांडले नाही. लोक रामराम घालत आणि पुढे जात. महारुद्र समोरून आला तर रस्ता बदली.

पाचव्या दिवशी चन्नम्मा पतीला न विचारता नागूबाईकडे गेली आणि तिने सारे सांगितले. नागूबाईने धान्य निवडायचे थांबवले नाही. बरेच दाणे निवडून झाल्यावर तिने विचारले, "एवढंच व्हतं?"

"एवढंच, अक्का."

"दोन महिनं ह्यांचं समदं अंथरुणातच व्हतं. दिसातनं चारदा धुत व्हते म्या. महालिंग्याला कळू देऊ नगंस, म्हनायचे, लई हसंल." तिने सूप खाली ठेवले. "गुडघा मोडताना आवाज झाला बघ, चन्नम्मा. त्यो कानातनं जाईना."

चन्नम्मा घरी आली तेव्हा महालिंगप्पा जेवत होते. कुठे गेली होती हे तिने सांगितले, काय सांगून आली तेही सांगितले. ते संतापतील अशी तिने मनाची तयारी केली होती. त्यांनी फक्त विचारले, "काय म्हनाल्या?"

तिने नागूबाईचे बोलणे शब्दाला शब्द सांगितले, गुडघ्याचेही.

"आधी सांगाय पायजे व्हतं," ते म्हणाले.

"कुणी? त्यांनी का तुमी?"

भाकरीचा तुकडा तसाच ठेवून महालिंगप्पा उठू लागले. उठताना अंग ओले झाले, आणि या वेळी ते लपवण्यासाठी वळले नाहीत. चन्नम्माने फडके आणून दिले.